पायी जाण्याजोगं गाव

“मार्केट एष्ट दूर अदरी?”

मालमड्डीच्या कोपऱ्यावर छत्री झटकत उभ्या असलेल्या तरुणाला वेदश्रीने विचारलं. मार्केट किती दूर आहे – गाडीत बसून पाठ केलेलं तिचं हे एकुलतं एक कानडी वाक्य. तो तिच्याकडे पाहून हसला, समोर हात करून म्हणाला, “इल्ले, हत्रा.”

इथेच, जवळ. एवढं तिला कळलं.

पण ते ‘जवळ’ काही येईना. श्रावणातली झिमझिम चालू होती. धारवाडचा पाऊस कोसळत नाही, नुसता रेंगाळतो... केसांवर, पापण्यांवर, चपलेच्या पट्ट्यात. एक चढ संपला की दुसरा सुरू. सुभाष रोडच्या भाजीबाजारात पोचेपर्यंत तिच्या सलवारीच्या कडा चिखलाने माखल्या होत्या, आणि मिरच्यांच्या ढिगापाशी तोच तरुण कोरडा ठणठणीत उभा होता.

“काय खोटारडा माणूस आहे!” ती स्वतःशीच पुटपुटली.

“खोटारडा नव्हे हो,” तो मिरच्या निवडत शांतपणे मराठीत म्हणाला. “धारवाडात सगळंच इल्ले हत्रा असतंय.”

वेदश्रीचे कान तापले. “तुम्हाला मराठी येतं?”

“घरात मराठी, गल्लीत कन्नड. भांडायचं असलं की दोन्ही.”

“आणि तुम्ही माझ्याआधी कसे पोचलात?”

“बसनं.”

“मग मला का नाही सांगितलंत, बस आहे म्हणून?”

“दूर किती, एवढंच विचारलासा की.” आता त्याचे डोळेही हसत होते. “बस आहे काय, विचारला असता तर सांगितलो असतो.”

खरं तर तिला बस नकोच होती. ती चालून बघायलाच आली होती.

वेदश्री पुण्याची. घरी बसून सिनेमांची आणि मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहायची. काम आवडीचं, पण कमाई बेताची. सोबत राहणाऱ्या शीतलचं लग्न ठरलं, त्याच महिन्यात घरमालकाने भाडं वाढवलं, आणि पुण्यात एकटीने राहणं आता परवडायचं नाही हे तिला कळून चुकलं. काम काय, कुठूनही करता येतं. मग खिशाला झेपेल असं एखादं गाव शोधावं आणि तिथेच राहावं, असं तिने ठरवलं. अट मात्र पक्की – भाजी, औषधं, बँक, वाचनालय, स्टेशन, सगळीकडे आपल्या पायांनी जाता आलं पाहिजे. तिला गाडी चालवायची परवानगी नव्हती. का नव्हती, ते ती कुणाला सांगत नसे.

सांगली पाहून झाली. नदीजवळची खोली आवडली होती, पण दर पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवावं लागतं हे मालकीणबाईंनी आपणहून सांगितलं. कोल्हापुरात परवडणारी जागा मिळाली ती गावाबाहेर, हमरस्त्याला लागून. बेळगावात एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, धारवाडला आमच्या मालतीअक्का आहेत, निवृत्त शिक्षिका, त्यांच्या माडीवरची खोली रिकामी आहे, राहून तरी बघ. म्हणून ती आली होती.

संध्याकाळी ती भिजलेली ओढणी वाळत घालत होती, तेव्हा खाली अंगणात ओळखीचा आवाज आला. मालतीअक्कांनी वर हाक मारली, “वेदश्री, खाली ये ग. हा साकेत, माझा विद्यार्थी. तुला गाव दाखवायला सांगितलेय ह्याला. रिकामाच आहे सध्या.”

साकेत पायरीवर उभा होता. हातात हिरव्या मिरच्यांची पिशवी.

“चालायला येणार काय?” त्याने विचारलं. “ह्या वेळी खरं अंतर सांगतो.”

मग ते चालू लागले. रोज सकाळी तिचं काम सुरू व्हायच्या आधी, आणि दुपार कलली की पुन्हा. कर्नाटक कॉलेजच्या झाडांखालून, सप्तापूरच्या गल्ल्यांतून, कोर्टापाशी, लाईन बझारच्या पेढ्यांच्या दुकानांवरून. तो वाहनांच्या बाजूने चालायचा. ती नकळत बाजू बदलायची, तो पुन्हा बदलून घ्यायचा. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल बोलत नसे. तो तिला कानडी शिकवायचा आणि ती मुद्दाम चुकायची... त्याने पुन्हा सांगावं म्हणून.

“हे तुम्ही विचारता ते मला मजेचं वाटतंय,” एकदा तो म्हणाला. “औषधाचं दुकान किती लांब, फुटपाथ आहे काय, चढ किती. लोक गाव बघतात तेव्हा मॉल विचारतात.”

“मॉलमध्ये मला रोज काय काम?”

“आणि माणसं? माणसं कशी आहेत, ते नाही विचारत?”

“ते विचारून कळतं का?” ती म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, “ते चालताना कळतं.”

ओल्या रस्त्यावर दोघांच्या चपलांचा तेवढा आवाज येत राहिला.

एके दिवशी तो तिला हुबळीजवळच्या उणकलला घेऊन गेला. मित्राने तिथे नवी इमारत बांधली होती, भाडं मालतीअक्कांच्या माडीपेक्षाही कमी. चिगरीत – हुबळी-धारवाडच्या मधल्या, स्वतःच्या वेगळ्या रस्त्यावरून धावणाऱ्या बसला इथल्या लोकांनी लाडाने हरणाचं नाव दिलंय – दोघे शेजारी बसले. बस वळली की त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागायचा. वळणं संपल्यावरही तो तिथेच राहिला.

घर छान होतं. खिडकीतून उणकलचा तलाव दिसायचा. पण खाली दुकान नव्हतं, दवाखाना नव्हता. दुधालाही स्कूटर काढावी लागली असती.

“नको,” ती म्हणाली. “तळ्याकडे बघत उपाशी राहायचं का?”

“मग मालमड्डीच बरी. तिथनं आमचं घरसुद्धा पायी जाण्यासारखं आहे.” तो सहज म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे... आई-अप्पा असतील. मी नसणार.”

ती खिडकीपासून वळली.

साकेत हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात वेल्डिंगचा इंजिनियर होता. ती नोकरी त्याने सोडली होती, कारण त्याला कोरियात काम मिळालं होतं, जहाजं बांधायच्या गोदीत. दोन वर्षांचा करार. श्रावण संपला की निघायचं.

“लहानपणी कारवारला एकदा मोठं जहाज बघितलो होतो,” तो तळ्याकडे बघत सांगत होता. “लोखंडाचा एवढा डोंगर पाण्यावर कसा राहतो, ते डोक्यातनं गेलंच नाही. तेव्हापासून... गोकुळ रोडवर पाइप जोडले, टाक्या जोडल्या, पण मनात तेच. आता बोलावणं आलंय. आणि आता—”

तो थांबला. ‘आता’च्या पुढे काय, ते दोघांनाही कळलं होतं.

“छान आहे की,” वेदश्री म्हणाली. त्याच्यासारखंच ‘की’ लावून. तिचा आवाज मात्र तिला स्वतःलाच परका वाटला.

परतीच्या बसमध्ये त्यांच्यामध्ये तिची पिशवी होती. तिनेच ठेवली होती.

मोठ्या शहरातली मुलगी गाव शोधत आली आणि ज्याच्यासोबत चालावंसं वाटलं तो गाव सोडून निघालेला! तिने ठरवलं, आता फिरणं बंद. स्वतःला कामाला जुंपून घेतलं. एका मालिकेचे भाग लवकर हवे होते. तिने झोप मोडून ते केले, जेवण पुढे ढकललं, आणि एका सकाळी गोळी घ्यायची राहिली. तिसऱ्या दिवशी साकेत दारात येऊन उभा राहिला. “रागावलासा काय?” एवढंच म्हणाला. ती चप्पल घालून खाली उतरली.

ते साधनकेरीच्या तळ्यावर गेले. पाऊस थांबला होता. कट्ट्यावर बसल्यावर तो म्हणाला, “वेदश्री, एक बोलायचं होतं. मी जायच्या आधी...”

तिला ते ऐकायचं होतं. पण त्याच क्षणी जिभेवर ती ओळखीची तांब्यासारखी चव आली, समोरची झाडं लांब लांब गेली. तिला वाटलं, नको, आत्ता नको, ह्याच्यासमोर नको—

शुद्धीवर आली तेव्हा ती कुशीवर झोपलेली होती. डोक्याखाली साकेतच्या शर्टाची घडी, आणि तो बनियनवर गुडघे टेकून बसलेला. भोवती चार माणसं. कुणी कांदा आणा म्हणत होतं, कुणी चप्पल हुंगवा म्हणत होतं. तो सगळ्यांना हात आडवा करून मागे सारत होता. कारखान्यात अशा वेळी काय करायचं ते शिकवलं होतं, एवढं त्याने नंतर सांगितलं. तिचा हात त्याच्या हातात होता.

“कॉलेजपासून येतात हे झटके,” रिक्षात ती म्हणाली. “गोळ्यांनी ठीक असते. म्हणून गाडी चालवत नाही. म्हणून... पायी.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत आता काळजी शिरली होती, आणि तो बदल तिच्या ओळखीचा होता. तिला एकदम थकल्यासारखं झालं.

ती शुद्धीत नसताना तिच्या फोनवर दिसलेल्या तातडीच्या नंबरावर साकेतने फोन केला होता. तो तिचा मोठा भाऊ, दीपक. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बंगळूरहून येऊन पोचला. वेदश्री माडीवरून खाली येत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीतलं बोलणं तिच्या कानांवर आलं.

“तिला एकटीला राहू देणं बरोबर नाही,” दीपक म्हणत होता. “तुम्हीच सांगा, तुम्ही पाहिलंत.”

आणि साकेतचा आवाज, हळू, पण स्वच्छ, “खरं आहे तुमचं. एकटीनं राहणं कठीणच आहे.”

ती शेवटच्या पायरीवर उभी राहिली. दोघांनी वर पाहिलं.

“वेदा, बंगळूरला चल,” दीपक म्हणाला. “माझं घर काय परकं आहे का? मागे तू पडलीस तेव्हा मी पाहिलंय ग. मला झोप लागत नाही.”

“ठाऊक आहे दादा,” ती त्याच्याजवळ जाऊन बसली. “पण तुझ्या घरी मी चार महिने राहिले होते. चौदावा मजला. खाली उतरलं तर रस्ता ओलांडता येत नाही. भाजी फोनवरून येते, औषध फोनवरून येतं, आणि मी नुसती खिडकीपाशी जाते आणि येते. मला पडायचंच असेल ना, तर मी घराबाहेर पडून पडेन.”

दीपकला हसावं की रडावं कळेना. मालतीअक्का चहा घेऊन आल्या. पेला त्याच्यासमोर ठेवत म्हणाल्या, “मी एकटी बाई, गुडघे दुखतात. मी पडले तर कोण बघणार? ही वर राहिली तर मला पण बरंच की. तुम्ही काळजी करा, भाऊ आहात. पण न्यायची घाई करू नका.”

दीपक तिला गोळ्यांची, झोपेची शपथ घालून, हुबळीतल्या डॉक्टरांची वेळ ठरवून, दुसऱ्या दिवशी परत गेला. साकेतशी मात्र ती बोलली नाही. तो येऊन गेला. ती खाली उतरली नाही. पुन्हा आला. शेवटी मालतीअक्काच म्हणाल्या, “तो फाटकात उभा आहे ग. पावसात. छत्री आहे, उघडत नाही.”

ती खाली गेली.

“चुकलो मी,” तो म्हणाला. पाणी त्याच्या कपाळावरून ओघळत होतं. “घाबरलो होतो. तुम्ही हातात असं ताठ... मला वाटलं...” त्याने मान हलवली. “भाऊंना फोन केलो ते बरोबर होतं. पुढचं बोललो ते माझं काम नव्हतं.”

“नव्हतंच.”

“तर मी ठरवलंय. कोरियाला जात नाही. इथंच राहतो. गोकुळ रोडवर परत घेतील मला. रोज सकाळी—”

“नको.”

“पूर्ण ऐका तरी!”

“ऐकलं. आणि म्हणून नको म्हणते.” ती फाटकाच्या पलीकडच्या बाजूला, अगदी जवळ उभी होती. “तुम्ही माझ्यासाठी थांबलात, की रोज मी तुमच्या तोंडाकडे बघणार. जहाजाची बातमी आली की बघणार. समुद्राचं चित्र दिसलं की बघणार. मला झटके येतात साकेत, ते मी सोसते. हे नाही सोसवायचं.”

“आणि मी जाऊन तिथं काय सोसायचं? ते कोण ठरवणार?”

झिमझिम दोघांवर सारखीच पडत होती. त्याने हात पुढे केला, फाटकाच्या गजावर असलेल्या तिच्या बोटांवर ठेवला. बोटं गार होती. ती काढून घ्यावीत असं तिला एकदाही वाटलं नाही.

“मी धारवाडला राहायचं ठरवलंय,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही असतात तरी राहिले असते. नसलात तरी राहणार. मालतीअक्कांना आज सांगते. हे गाव मी माझ्यासाठी घेतलंय... तुम्ही तुमचं जहाज तुमच्यासाठी घ्या.”

“आणि आपल्यासाठी?”

“ते... बघू की.”

तो हसला. रडू येताना हसतात तसा.

उरलेले दिवस भुर्रकन गेले. त्यांनी ते जपून वापरले. एकदा हुबळीला दाजीबानपेठेत जाऊन तिच्या खोलीसाठी पडद्याचं कापड घेतलं. दुकानदाराने त्यांना नवं जोडपं समजून दुहेरी पलंगाच्या चादरी पसरल्या आणि दोघांपैकी कुणीच त्याची चूक सुधारली नाही. त्याने तिच्या भिंतीवर मांडणी ठोकून दिली. कुठला दुकानदार ताजी भाजी देतो, कुठल्या गल्लीतलं कुत्रं अंगावर येतं, सगळं सांगितलं. ‘जपून रहा’ असं मात्र तो एकदाही म्हणाला नाही. म्हणायचं असायचं, तिला दिसायचं. तो तेवढ्यापुरता ओठ मिटायचा. त्या मिटलेल्या ओठांवर तिचा फार जीव जडला.

निघायच्या दिवशी आई-अप्पांचा निरोप त्याने घरीच घेतला. स्टेशनवर वेदश्री आली, चालत.

प्लॅटफॉर्मवर ऊन-पाऊस एकत्र होता. गाडी यायची घोषणा झाली.

“तळ्यावर बोलायचं होतं ते राहिलंच,” तो म्हणाला.

“मग बोला.”

“आता बोललो तर गाडीत चढता येणार नाही मला.”

“मग मी बोलते.” ती त्याच्याकडे बघत होती, डोळे न हलवता. “तू मला आवडतोस, साकेत.”

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली होती. त्याने बॅग खाली ठेवली. आजूबाजूला माणसं होती, हमाल होते. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला, नुसता, काही क्षण.

“मला पण,” तो म्हणाला. “तू. फार.” आणि मग, “वाट बघशील काय?”

“नाही म्हणायचं ठरवून आले होते.”

“आणि?”

“बघीन.”

गाडी आली. इथे ती फार थांबत नाही. तो दारात उभा राहिला, ती खाली, आणि मग हळूहळू त्यांच्यामध्ये रूळ आले, सिग्नलचा खांब आला, सिमेंटची भिंत आली. त्याचा हलणारा हात बराच वेळ दिसत होता. दिसेनासा झाल्यावरही तिने आपला हात खाली घेतला नाही.

ती स्टेशनबाहेर आली. घर जवळच होतं, पण पाय पुढे पडेनात. बाहेर बकुळीची फुलं आणि शेवंती विकत एक म्हातारी बसली होती. वेदश्री तिच्या टोपलीशेजारच्या दगडावर जाऊन बसली, विचारल्याशिवायच. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. शहरी कपडे, सुजलेले डोळे.

“याव ऊर वा निंदु?” तिने विचारलं. गाव कुठलं ग तुझं?

पुणे, असं वेदश्रीच्या तोंडात आलं होतं. वर्षानुवर्षांचं, सवयीचं उत्तर. तिने ते गिळलं.

“धारवाड,” ती म्हणाली. “इल्ले, मालमड्डी.”

बोलली मात्र, आणि इतका वेळ थोपवलेलं रडू फुटलं. म्हातारीने पुढे काही विचारलं नाही. टोपली जरा सरकवून तिला पाय लांब करायला जागा दिली, “अळब्याड वा, अळब्याड,” रडू नको ग, असं दोनदा म्हणाली आणि पुन्हा फुलं ओवायला लागली.

वेदश्री पोटभर रडली. मग डोळे पुसून शेवंतीची एक वेणी विकत घेतली, केसांत माळली, आणि आपल्या घराच्या दिशेने चालू लागली.